पशूंकडून माणसाकडे

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर पांढरकवडा हे गाव आहे. केळापूर तालुक्याचे हे मुख्य ठिकाण. भोवताली कपाशीची काळी शिवारे पसरलेली आहेत आणि त्यांच्यापलीकडे सागाची राने सुरू होतात. याच भागात सुमारे 148 चौरस किलोमीटर क्षेत्राचे टिपेश्वर अभयारण्य असून वाघ, अस्वल, नीलगाय, कोल्हा, वानर असे नाना प्राणी तेथे राहतात. गावची गुरे रानाच्या कडेने चरतात. गुरांमागे गुराख्यांची कुत्री जातात. रानडुकरे रात्री शिवारात उतरतात आणि वानरांच्या टोळ्या कौले फोडून जातात. गोठ्यात गाय, अंगणात कोंबडी, वळचणीला वटवाघूळ, असा हा माणसाचा व पशूंचा शेजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

या शेजाराने माणसाला दूध दिले, शेतीला बैल दिला, घराला राखणदार दिला. परंतु शेजारच्या घरून जसे विरजण येते, तसा एखादे वेळी तापही येतो. माणसाला होणाऱ्या कित्येक रोगांचे मूळ घर पशूंच्या शरीरात आहे. त्यांपैकी काही रोग विषाणूंमुळे होतात आणि ते समजून घेण्यासाठी विषाणू म्हणजे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे.

विषाणू हा इतका सूक्ष्म असतो की, साध्या सूक्ष्मदर्शक यंत्रातून तो दिसत नाही. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत असणारा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा असतो. असे विषाणू एकापुढे एक ओळीने मांडले, तर एका मिलिमीटरच्या अंतरात पाच हजारांहून अधिक मावतील. विषाणूला स्वतःची चूल नसते. तो खात नाही, श्वास घेत नाही, एकटा असता वाढतही नाही. सजीवाच्या पेशीत शिरल्यावर मात्र तो त्या पेशीचीच सामग्री वापरून आपल्यासारखे असंख्य विषाणू निर्माण करतो. पेशीत शिरण्याचे दार प्रत्येक विषाणूला सापडतेच असे नाही. कुलपाला जशी ठरावीक किल्ली लागते, तसाच हा प्रकार आहे. म्हणून गुरांचे पुष्कळ रोग गुरांतच राहतात व कोंबड्यांचे कोंबड्यांत. पण एखाद्या विषाणूची किल्ली दोन निरनिराळ्या कुलपांना चालते आणि मग पशूचा रोग माणसाच्या घरात शिरतो.

अशा रोगांत सर्वांत जुना, सर्वांच्या परिचयाचा आणि सर्वांत भयंकर रोग म्हणजे पिसाळलेल्या प्राण्याच्या चाव्यामुळे होणारा रोग. यालाच जलसंत्रास म्हणतात आणि वैद्यकात तो रेबीज या नावाने ओळखला जातो. आपल्याकडील प्राचीन वैद्यांनाही तो ठाऊक होता. सुश्रुतसंहितेत पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाचे वर्णन आहे. जगात दरवर्षी सुमारे 59,000 माणसे या रोगाने मृत्यू पावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे आणि त्यांतील सुमारे एक तृतीयांश मृत्यू एकट्या भारतात होतात. कोल्हा, लांडगा, मुंगूस, मांजर, माकड अशा कोणत्याही उष्ण रक्ताच्या सस्तन प्राण्याला हा रोग जडू शकतो. पण माणसाला तो होतो तो बहुतेक कुत्र्यापासूनच. शंभर रोग्यांपैकी नव्व्याण्णवांच्या बाबतीत कारण कुत्र्याचा दंश हेच असते.

पिसाळलेला कुत्रा म्हटला की, तोंडातून लाळ गळणारा, दिसेल त्याला चावत सुटणारा कुत्रा डोळ्यांसमोर येतो. तसे कुत्रे असतातच. त्यांचा आवाज घोगरा होतो, ती लाकूड, दगड, माती काहीही चावतात आणि धन्यालाही ओळखत नाहीत. परंतु या रोगाचे दुसरेही एक रूप आहे आणि ते अधिक फसवे आहे. काही कुत्री भुंकत नाहीत की धावत नाहीत. ती काळोख्या कोपऱ्यात मुकाट पडून राहतात, त्यांचा जबडा लोंबतो, मागचे पाय लुळे पडतात. घशात हाड अडकले असेल अशा समजुतीने एखादा दयाळू मुलगा त्याच्या तोंडात हात घालतो आणि लाळेतला विषाणू हातावरच्या ओरखड्यातून शरीरात जातो. शिवाय रोगाची लक्षणे दिसू लागण्यापूर्वी काही दिवस अगोदरपासूनच कुत्र्याच्या लाळेत विषाणू असतो. म्हणून चावलेला कुत्रा आज धडधाकट दिसला, तरी तेवढ्यावरून निश्चिंत होता येत नाही.

दंश झाल्यावर विषाणू रक्तावाटे मेंदूकडे धावत नाही. तो काही काळ जखमेजवळच्या स्नायूंत राहतो आणि नंतर मज्जातंतूच्या वाटेने, दिवसाला काही मिलिमीटरांपासून काही सेंटिमीटर अशा गतीने, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूकडे व तेथून मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात; क्वचित एक आठवडा पुरतो, तर क्वचित वर्षाहूनही अधिक काळ जातो. पायाला चावा असेल तर वाट लांबची. हात, मान किंवा चेहरा यांवर चावा असेल तर वाट जवळची. लहान मुलांची उंची कमी असल्याने कुत्र्याचे तोंड त्यांच्या चेहऱ्यापर्यंत सहज पोहोचते. म्हणून त्यांना या रोगाचे भय मोठ्यांपेक्षा जास्त असते. विषाणू एकदा मेंदूत पोहोचला की रोगी अस्वस्थ होतो, त्याला ताप येतो, जुन्या जखमेच्या जागी मुंग्या येतात. पाण्याचा घोट घेऊ जाता घशाचे स्नायू वेदनेने आखडतात. पुढे पुढे पाणी नुसते दिसले तरी तो थरथरतो. जलसंत्रास हे नाव त्यावरूनच पडले. ही लक्षणे दिसू लागल्यावर जगातला कोणताही वैद्य रोग्याला वाचवू शकत नाही, असे म्हटले तरी चालेल. वाचल्याची उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

मग या रोगावर मात झाली ती कशी? विषाणूच्या याच संथ चालीमुळे. तो मेंदूपर्यंत पोहोचण्याआधी शरीराला प्रतिकारासाठी सज्ज करता आले, तर रोग मुळी होतच नाही. ही गोष्ट प्रथम सिद्ध केली ती फ्रान्समधील थोर शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी. ज्याच्याशी त्यांना झुंजायचे होते, तो विषाणू त्यांना कधीच दिसला नाही. तो पाहू शकेल असे यंत्रच त्या काळी नव्हते. रोगाने मेलेल्या सशाचा मज्जारज्जू कोरड्या हवेत टांगून ठेवला, तर त्यातील विष दिवसेंदिवस दुर्बल होते, एवढे मात्र त्यांनी ताडले होते. 1885 सालच्या जुलै महिन्यात आल्सास प्रांतातून जोसेफ मेस्तर नावाचा नऊ वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे आणला गेला. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याचे अनेक ठिकाणी लचके तोडले होते. पाश्चर हे वैद्य नव्हते, आणि त्यांची लस तोवर कुत्र्यांवरच अजमावलेली होती. मुलाला टोचावी तर तीच बाधण्याची भीती, न टोचावी तर मृत्यू जवळजवळ निश्चित. 6 जुलै रोजी वैद्यांच्या हस्ते पहिली लस टोचली गेली. प्रथम अगदी दुर्बल, मग रोज थोडी अधिक प्रबळ. दहा-अकरा दिवसांत तेरा वेळा लस टोचून झाली. त्या रात्री पाश्चर यांना झोप लागत नसे. जोसेफ वाचला आणि पुढे मोठा झाल्यावर पॅरिसच्या पाश्चर संस्थेतच रखवालदार म्हणून राहिला.

भारतात 1900 साली कसौली येथे पाश्चर संस्था निघाली. तेथे डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली आणि ती आपल्या देशात अनेक दशके वापरली गेली. पोटात चौदा सुया घ्याव्या लागतात, ही वृद्ध माणसांच्या तोंडी असलेली भीती त्या काळातली आहे. ती लस 2005 च्या सुमारास बंद झाली. आताची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तयार होते, ती दंडात टोचतात आणि चार-पाच वेळांत काम भागते. सरकारी दवाखान्यांत ती विनामूल्य मिळते. जखम खोल असेल किंवा रक्त आले असेल, तर जखमेच्या आत व भोवती आणखी एक औषध टोचतात. लस शरीराला प्रतिकार शिकवते, पण शिकायला काही दिवस लागतात. हे औषध म्हणजे तेवढ्या दिवसांपुरती उसनी आणलेली ढाल होय.

दवाखाना गाठण्यापूर्वी करण्याची एक गोष्ट मात्र घरोघरी होऊ शकते, आणि तिचे महत्त्व लसीइतकेच आहे. जखम वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने पंधरा मिनिटे धुवावयाची. या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते. तेलकट भांडे साबणाने निघते, तसे हे आवरण साबणाने फुटते आणि विषाणू निकामी होतो. खेड्यांतून अजूनही जखमेवर तिखट भरतात, चुना लावतात, रॉकेल ओततात, कोठे मंत्र घालतात. तिखटाने विषाणू मरत नाही. चोळण्याने तो आणखी खोल मात्र जातो, आणि या खटाटोपात जो वेळ जातो तो परत मिळत नाही. दुसरी अडचण मुलांचीच असते. शेजारच्या पिलाला छेडले म्हणून ते चावले, आता घरी बोलणी बसतील, या भयाने मुलगा पोटरीवरचा ओरखडा धोतराच्या फडक्याने बांधतो आणि खेळताना पडलो म्हणून सांगतो. जखम आठ दिवसांत भरते. विषाणू मात्र मज्जातंतूच्या वाटेला लागलेला असतो. घरच्यांची बोलणी एका दुपारची असतात.

चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवतात, कारण लाळेत विषाणू आला असेल तर तो कुत्रा बहुधा तेवढ्या दिवसांत मरतो. पण त्या दहा दिवसांची वाट पाहून मग लस घ्यावयाची, असा त्याचा अर्थ नाही. लस पहिल्याच दिवशी सुरू करावयाची असते. रोगाचे मूळ तोडावयाचे तर कुत्र्यांनाच लस टोचली पाहिजे. गावातील शंभरांपैकी सत्तर कुत्र्यांना लस टोचलेली असली, तर रोगाची साखळी तुटते, असे दिसून आले आहे. गोव्यात रस्त्यांवरील कुत्र्यांना जाळ्यांत धरून, लस टोचून, पुन्हा तेथेच सोडून देण्याचे काम वर्षानुवर्षे चिकाटीने झाले आणि 2021 मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून घोषित झाले. कुत्री मारून टाकल्याने हा हेतू साधत नाही. मोकळ्या झालेल्या आळीत दुसरी, लस न टोचलेली कुत्री येऊन राहतात.

कुत्र्याचा रोग दातांवाटे थेट येतो. काही रोग मात्र मध्यस्थामार्फत येतात, आणि त्यांची हकीकत अधिक गुंतागुंतीची आहे. 1957 साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील, म्हणजे आताच्या कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर नावाच्या रानात माकडे मरून पडू लागली. पाठोपाठ रानात लाकडे आणायला जाणारी माणसे तापाने आजारी पडली. एकाएकी भरणारा ताप, असह्य डोकेदुखी, अंगदुखी, काहींच्या नाकातून व हिरड्यांतून रक्त. पुण्यास 1952 मध्ये विषाणू संशोधन केंद्र स्थापन झालेले होते. आज त्याचे नाव राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था असे आहे. तेथील शास्त्रज्ञ त्या रानात गेले. माकडे मरतात त्या अर्थी हा आफ्रिकेतील पीतज्वर तर नव्हे, अशी शंका प्रथम आली. तसे असते तर देशावर मोठेच संकट ओढवले असते. परंतु माकडांच्या आणि रोग्यांच्या शरीरातून जो विषाणू निघाला, तो अगदी निराळा, नवा होता. आश्चर्य असे की, त्याचे जवळचे नातलग सायबेरियाच्या थंड अरण्यात सापडणारे विषाणू होते.

हा विषाणू माकडाकडून माणसाकडे जातो कसा? याचे उत्तर मिळाले ते गोचिडीत. रानातील पालापाचोळ्यात असंख्य गोचिडी असतात. उंदीर, चिचुंद्र्या अशा लहान प्राण्यांच्या व गोचिडींच्या आश्रयाने हा विषाणू रानात गुपचूप नांदत असतो. बाधित गोचीड माकडाला चावली की, माकडाच्या रक्तात विषाणू अफाट वाढतो. माकड मरून पडले की, त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि ती जागा धोक्याची बनते. तेथून पाचोळा गोळा करणारा, गुरे वळणारा मनुष्य गेला की, खसखशीच्या दाण्याएवढी बाल-गोचीड त्याच्या पायाला चिकटते. चावा जाणवतही नाही. पावसाळा संपल्यावर या बाल-गोचिडींची संख्या वाढते. म्हणून या तापाचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे असा असतो. गाईम्हशींना हा रोग होत नाही. पण मोठ्या गोचिडी त्यांच्या रक्तावर पोसतात, आणि रानात जितकी गुरे अधिक तितक्या गोचिडीही अधिक. माणसापासून माणसाला मात्र हा ताप होत नाही. माणूस हा या विषाणूच्या वाटेवरचा शेवटचा मुक्काम होय.

अनेक दशके हा रोग कर्नाटकातच होता. मग 2015 मध्ये तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 मध्ये महाराष्ट्रात, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात प्रकटला. पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरात त्याने ठाण मांडले. तेथील लोक त्याला माकडताप म्हणतात. काजूच्या बागा रानाला लागून असतात आणि बिया वेचण्याचा हंगाम नेमका उन्हाळ्याच्या तोंडावर येतो. खाली वाकून, पाचोळा चाळत, दिवसदिवस काम करणाऱ्या स्त्रियांना व मजुरांना गोचिडी सहज चिकटतात. ज्या महिन्यांत चार पैसे हाती यावयाचे, त्याच महिन्यांत तापाने अंथरूण धरावे लागते. शंभर रोग्यांपैकी तीन ते पाच दगावतात. आरोग्य खात्याचे कर्मचारी तेथे हातापायांना लावण्याचे गोचीडरोधक तेल वाटतात. अंगभर कपडे घालावेत, रानातून आल्यावर गरम पाण्याने व साबणाने अंघोळ करावी, आणि मेलेले माकड दिसल्यास हात न लावता लगेच कळवावे, असे ते सांगतात. मेलेल्या माकडाची बातमी तेथे एखाद्या पहारेकऱ्याच्या हाकेइतकी मोलाची असते. माणसे आजारी पडण्याआधी ती रानातल्या रोगाची वर्दी देते.

विदर्भालाही विषाणूंच्या इतिहासात एक स्थान आहे, जरी ते कोणी हौसेने मिरवावे असे नाही. 1965 साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातील तापाच्या रोग्यांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना एक नवा विषाणू आढळला आणि त्याला त्या गावाचेच नाव मिळाले. तो वाळूमाशीच्या चाव्याने पसरतो. पाळीव जनावरांच्या रक्तातही त्याच्या खुणा सापडल्या आहेत. बंदुकीच्या गोळीसारख्या आकाराचा हा विषाणू रेबीजच्या विषाणूचा दूरचा भाऊबंद आहे. प्रारंभी तो किरकोळ मानला गेला. पण 2003 मध्ये आंध्र प्रदेशात व महाराष्ट्रात त्याने अनेक बालकांचे प्राण घेतले आणि 2024 मध्ये गुजरातेत तो पुन्हा उद्‌भवला. भिंतींच्या भेगांत व ओलसर गोठ्यांत वाळूमाशी राहते. म्हणून भेगा लिंपणे व गोठा कोरडा ठेवणे यालाही येथे औषधाचे मोल आहे.

पक्ष्यांचेही असेच आहे. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांत बर्ड फ्लूची साथ आली. भारतातील ती पहिलीच. लक्षावधी कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या व कुक्कुटपालकांचे कंबरडे मोडले, परंतु त्या साथीत माणसांना बाधा झाली नाही.

अलीकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वटवाघळांकडे वेधले गेले आहे. केरळात 2018 साली फळे खाणाऱ्या वटवाघळांपासून आलेल्या निपाह विषाणूने कोझिकोडे परिसरात बळी घेतले. 2020 च्या मार्च महिन्यात पुण्याच्या संस्थेतील संशोधकांनी महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळे जाळ्यात धरून तपासली, तेव्हा काहींच्या रक्तात त्याच निपाह विषाणूच्या संसर्गाच्या खुणा मिळाल्या. त्याच महिन्यात कोविडच्या साथीने देशातील शाळा बंद पडत होत्या. त्या रोगाच्या विषाणूचे सर्वांत जवळचे आप्तही वटवाघळांतच सापडले आहेत. वटवाघळे हे विषाणू बाळगून स्वतः बहुधा आजारी पडत नाहीत. गुहेत धूर करून किंवा झाडे तोडून त्यांना हुसकावले, तर ती विखुरतात, गावाजवळच्या झाडांवर व घरांवर आसरा घेतात आणि माणसाशी त्यांचा संबंध उलट वाढतो. कीटक खाणारी वटवाघळे एका रात्रीत शेकडो किडे फस्त करतात, आणि त्या किड्यांत शेतातील पिकांवर पडणारे पतंगही असतात.